आधी फिल्ड, मग फी

मागे एका उत्तरात नर्सिंगनंतरच्या वाटांविषयी लिहिताना मी संशोधनाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. चौघांचा विषय एकच: आई, बाळ आणि वयात येणारी मुलं यांच्या आरोग्यावर संशोधन चालतं, त्यात काम कसलं असतं आणि पोट भरतं का. मी डॉक्टर नाही. कर्वे समाजसेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू केलं, शिरूर-खेडच्या गावांत फॉर्म भरण्यापासून सुरुवात केली, पुढे सुपरवायझर झाले, मग फिल्ड कोऑर्डिनेटर. माझी उत्तरं त्या बाजूनं येणार, हे धरून चाला.

प्रश्न: ताई, मी मूळची मंचरची. बीएस्सी नर्सिंग करून पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये आहे. आमच्याकडे एका स्टडीच्या सिस्टर यायच्या, गर्भवतींशी बोलायच्या, नाळेतलं रक्त घेऊन जायच्या. मलाही ते काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, संशोधन हे डॉक्टरांचं काम, तू तिथे नुसता ट्रे धरणार. शिवाय सगळं कंत्राटी. काय करू?

कंत्राटीचं घरचे बरोबर सांगतायत. ट्रेचं नाही.

तुझ्या गावापासून फार लांब नसलेल्या एका अभ्यासाचं सांगते. १९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या मधुमेह विभागानं, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या बायकांना दिवस जायच्या आधीच गाठायचं, गरोदरपणी त्या काय खातात, शेतात किती राबतात ते लिहायचं, आणि बाळ झालं की त्याला मोजायचं. ही बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. त्याच पद्धतीनं मोजलेली इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती. इथवर कुणालाही नवल वाटलं नसतं. पण कातडीखालची चरबी कॅलिपरनं, म्हणजे चिमट्यासारख्या मापकानं मोजली, तेव्हा वजनात जेवढी तूट होती तेवढी चरबीत नव्हती. दिसायला हाडकुळं, पण चरबी राखून असलेलं बाळ. आपल्याकडे तिशी-चाळिशीत येणाऱ्या मधुमेहाचं मूळ पोटातच शोधावं लागेल, हा विचार इथून जगभर गेला. त्याच बायकांच्या जेवणाच्या नोंदींतून असंही दिसलं, की ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं अंगानं मोठी होती.

आता हे सगळं कशावर उभं आहे ते बघ. जन्मानंतर ७२ तासांच्या आत, बाळ असेल तिथे पोचून, त्याच्या एवढ्याशा पाठीवर कॅलिपर लावायचा आणि दुसऱ्यांदा लावल्यावर जवळपास तोच आकडा आला पाहिजे. तो हात डॉक्टरचा असतोच असं नाही. चुकीचा आकडा मोठ्यातला मोठा प्राध्यापकही नंतर दुरुस्त करू शकत नाही.

लेबर रूममध्ये तू एक गोष्ट पाहिली असशील. रजिस्टरमध्ये २.५ किलो, २.५ किलो, ३ किलो, पुन्हा २.५ किलो. खरं वजन २४४० ग्रॅम असलं तरी धावपळीत २.५ लिहून मोकळं व्हायचं. २५०० ग्रॅमच्या खाली बाळ 'कमी वजनाचं' ठरतं, त्यामुळे त्या साठ ग्रॅमांत बाळाचा गटच बदलतो. संशोधनात आल्यावर ही सवय पहिल्या आठवड्यात मोडावी लागते. रोज सकाळी ठरलेलं वजन ठेवून काटा तपासायचा, मगच घराबाहेर पडायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, नंतर उभं करून. त्या दोन मापांत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक असतो, म्हणून कसं मोजलं तेही लिहायचं. झोपवून मोजायला माणसंही दोन लागतात. एकटीनं मोजलेली लांबी मी तरी कधी मान्य केली नाही.

हे शिकवता येतं. जे तुला येतं आणि शिकवून येत नाही ते घराघरातलं. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की बाई म्हणते, "गौरी जेवल्या त्या दिवशी मी बाजूला होते बघा." की भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं आणि तारीख मिळवायची. तो दिवस ती विसरत नाही. सण घरात आणि ती कोपऱ्यात, कसा विसरेल? पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. तुझ्या कागदावर ती शिरूर तालुक्यात, आणि प्रत्यक्षात बाळंत होतेय संगमनेरला. जिनं चौथ्या महिन्यातच माहेर कुठलं आणि तिथे फोन भावाकडे असतो की वडिलांकडे हे लिहून ठेवलंय, तिच्या हातून ते बाळ सुटत नाही. आणि सासूबाई! त्या उंबऱ्यातच बसतात, सुनेच्या आधी उत्तर देतात. म्हणून जोडीनं जायचं. एकीनं ओसरीवर सासूबाईंचं बीपी मोजायचं, गुडघ्यांची चौकशी करायची, तोवर दुसरीनं आत फॉर्म पुरा करायचा. हे कुठल्या एसओपीत, म्हणजे कामाच्या नियमावलीत लिहिलेलं नसतं.

एक काम मात्र आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नकोस. बाळ दगावलं, तर काही आठवड्यांनी त्या घरी जाऊन आईला शेवटच्या दिवसांविषयी विचारावं लागतं. ताप होता का, दूध ओढत होतं का, श्वास कसा होता, कुठे कुठे नेलं. व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात त्याला. घरी झालेल्या मृत्यूचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळत नाही. फॉर्म पुढे ढकलता येतो, आईचं बोलणं मधे तोडता येत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही.

राहिला कंत्राटाचा प्रश्न. ग्रँट, म्हणजे प्रकल्पाला मिळालेला निधी असतो तोवर काम असतं. करार बहुतेक वर्षाचा, पुढे वाढवत नेतात. म्हणून जाताना तीन गोष्टी विचार: ग्रँट कधीपर्यंत आहे, पीएफ कापतात का, आणि बाळंतपणाची रजा करारात कशी लिहिली आहे. कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत. तरी गरोदर बायकांवरच्याच प्रकल्पातली कार्यकर्ती स्वतःच्या रजेचा अर्ज द्यायला बिचकते, हे मी एका ठिकाणी पाहिलंय. नाव घेत नाही. लाज प्रकल्प चालवणाऱ्यांना वाटायला हवी. आणि काही झालं तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव. प्रकल्प संपला तर वॉर्ड आहेच.

विचारायचं कुठे? रास्ता पेठेतलं केईएमचं संशोधन केंद्र आहे. त्याचंच वढू इथलं ग्रामीण काम डॉ. बानू कोयाजींनी उभं केलं. धनकवडीला भारती विद्यापीठाच्या इर्शा संस्थेत गर्भवतींचं पोषण आणि गरोदरपणातला रक्तदाब यांवर काम चालतं. जहांगीरच्या संशोधन संस्थेत मुलांची वाढ आणि हाडं. बी. जे. मेडिकल-ससूनमध्ये एचआयव्ही असलेल्या माता आणि त्यांच्या बाळांवर मोठ्या ट्रायल, म्हणजे उपचारांच्या चाचण्या झाल्या आहेत. ट्रायलमध्ये गेलीस तर जीसीपीचं, म्हणजे अशा चाचण्या नीट चालवण्याच्या नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल आणि गंभीर घटना घडली की २४ तासांत कळवायची शिस्त अंगात मुरवावी लागेल. स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून नर्सला तिथे खरी किंमत आहे. ट्रे धरायला माणसं लागतात, पण पगार त्याचा देत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. दवाखाना काढायचा नाही म्हणते, किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर संशोधन करायचंय. त्यासाठी एका खासगी विद्यापीठाचं एमपीएच बघून ठेवलंय, फी काही लाखांत आहे. यात भविष्य आहे का? (एक पालक, कोथरूड)

फी भरू नका. निदान यंदा तरी नको.

इंटर्नशिप संपली की तिला एखाद्या प्रकल्पावर वर्षभर काम करू द्या. बीएएमएस झालेल्यांना फिल्ड मेडिकल ऑफिसर म्हणून घेतात. त्या वर्षात तिला कळेल की तिला माणसांत राहायचंय, आकड्यांत, की धोरणाच्या कागदांत. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, या तिन्हींसाठी वेगवेगळी निवडावी लागते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस), तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र ही नावं आधी बघा. लोकसंख्येच्या अंगानं जायचं असेल तर देवनारची आयआयपीएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम जिच्याकडे असतं ती संस्था. फिल्डवर वर्ष काढलेली मुलगी मुलाखतीला बसली की घेणाऱ्यांना दोन मिनिटांत कळतं. आणि आत्ता, फुकटात, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (एनआयई) आरोग्य-संशोधनाच्या मूलतत्त्वांचा कोर्स एनपीटीइएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आहे; तो ऐकून तिला कंटाळा आला, तर तेही लाखभर रुपये वाचवणारं उत्तर आहे.

किशोरवयाचं म्हणाल, तर विषय तिनं चांगला निवडलाय, आणि अवघड. २०१४ मध्ये केंद्र सरकारनं १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तोवर पाच वर्षांच्या पुढच्या मुलाकडे आरोग्यखात्याचं फारसं लक्ष नसायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे किशोरींच्या आरोग्याचं संशोधन करायला जावं, तर थोड्याच अंतरावर ते मातांचं होतं. वर ज्या सहा खेड्यांचं लिहिलं, तिथल्या बहुतेक आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे तीच मुलं मोठी झाल्यावर, त्यांना स्वतःची मुलं होण्याआधीच ब-१२ देऊन पाहण्याची ट्रायल झाली. आई, बाळ, तरुण हे तीन विभाग आपण कागदावर करतो. गावात ती एकच मुलगी असते.

अवघड कशासाठी, तेही सांगते. अठराखालच्या मुलीला काही विचारायचं तर पालकांची संमती लागते, आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सात वर्षांच्या पुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. मग शाळेच्या मुख्याध्यापकांचा होकार, मग पालकसभा. त्यात मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा. सोळा वर्षांच्या मुलीनं विश्वासानं तिच्या मित्राशी आलेल्या शरीरसंबंधांविषयी सांगितलं, तर ते कळवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. म्हणून काय विचारायचं, कुठे थांबायचं आणि थांबण्याआधी तिला काय सांगायचं, यावर संशोधन नीतीला धरून आहे ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीपुढे तासन्‌तास जातात. पुण्यात प्रयास संस्थेच्या आरोग्यगटानं तरुणांच्या नात्यांवर आणि लैंगिक आरोग्यावर बरीच वर्षं काम केलंय. तिनं त्यांचे अहवाल वाचावेत आणि जाऊन भेटावं.

पैशाचं: राष्ट्रीय पातळीची जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. चाललेल्या दवाखान्याशी तुलना केलीत तर कमीच. नव्या दवाखान्याच्या पहिल्या तीन वर्षांशी केलीत तर कदाचित नाही.

आणखी एक. तुमच्या पूर्ण पत्रात मुलीचं स्वतःचं एकच वाक्य आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या.

प्रश्न: मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सला आहे. मित्र सगळे हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत अ‍ॅनालिटिक्सला चाललेत. मला माता-बाल आरोग्याच्या आकडेवारीत रस आहे, पण तिथे माझं काम म्हणजे डॉक्टरांच्या पेपरासाठी पी-व्हॅल्यू काढून देणं एवढंच का?

पुष्कळ ठिकाणी, हो. पेपर लिहून झाला की, निकाल निव्वळ योगायोगाचा नाही ना एवढा आकडा काढायला संख्याशास्त्रज्ञाला बोलावतात. अशा ठिकाणी जाऊ नकोस. मुलाखतीत एकच विचार: फॉर्म तयार करताना तुमचा स्टॅटिस्टिशियन खोलीत होता का? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घे.

जिथे असतो तिथे काम भरपूर आणि चवदार आहे. वर लिहिलेली माहेरी गेलेली पहिलटकरीण तुझ्या टेबलावर 'मिसिंग' म्हणून येते. ती सहज गहाळ झालेली नाही. वयानं लहान आहे, पहिलंच बाळ आहे, माहेरची सोय आहे. म्हणजे जी राहिली तिच्याहून ती वेगळी आहे. तिला नुसती गाळलीस तर सरासरी जन्मवजन आपोआप सरकेल. २.५ वर साचलेली वजनं तुलाच ओळखता आली पाहिजेत. एका गावातल्या, एकाच आशाताईंच्या हद्दीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्याचा हिशेब नमुना ठरवताना धरावा लागतो. मुलांच्या वाढीचे तक्ते तर वेगळंच प्रकरण. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केलेत, त्यात दिल्लीची मुलं होती. पाच ते अठरा वर्षांसाठी आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. कुठला तक्ता लावला यावर मूल खुजं ठरतं की नाही हे हलतं, आणि त्यावरून कुणाच्या तरी तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात येतं.

पुण्यात या वादाला जुनी परंपरा आहे, म्हणून तुला सांगावंसं वाटतं. पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं संख्याशास्त्र सांभाळून पुण्याला परतले. कॅलरीच्या सरासरी गरजेखाली जो जो खातो तो कुपोषित, हे गणित त्यांनी नाकारलं. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, मग रेषा सरासरीवर कशी, असं त्यांचं म्हणणं. गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर दुसऱ्या बाजूला. किती लोक उपाशी आहेत याचा आकडा त्या भांडणात कोट्यवधींनी इकडचा तिकडे होत होता. दोघांपैकी कुणाच्याही हाताखाली तू नुसती पी-व्हॅल्यू काढून दिली नसतीस. माझं मत दांडेकरांकडे झुकतं, पण ते असो.

पगार हिंजवडीपेक्षा कमीच मिळेल. आर ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा शीक, ती फुकट आहे आणि आता सगळीकडे चालते. आणि रुजू झालीस की पहिल्या महिन्यात चार दिवस तरी फॉर्म भरणाऱ्या बायकांबरोबर गावात जा. डेटातल्या चुका काढताना पडणाऱ्या निम्म्या शंका तुला विचाराव्याच लागणार नाहीत.

प्रश्न: आम्ही शिरूर तालुक्यातले. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. ती पोटात होती तेव्हापासून आम्ही एका अभ्यासात आहोत. दर काही वर्षांनी येतात, उंची-वजन घेतात, रक्त घेतात. आता ती विचारते, माझ्या रक्ताचं काय करता? मला सांगता येत नाही. आणि तिला त्या ताईंसारखं काम करायचंय म्हणते, तर काय शिकायचं?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतर तिघं ज्या कामाविषयी विचारतायत, ते तुमच्यासारख्या घरांनी दार उघडलं म्हणून चालतं.

रक्ताचं उत्तर द्यायला ते बांधील आहेत. तुमच्याकडे संमतीपत्राची एक प्रत असायला हवी. नसेल तर पुढच्या भेटीत मागा. रक्त कशासाठी घेतलं, किती वर्षं साठवणार, दुसऱ्या कुणाला देणार का, हे त्यात मराठीत लिहिलेलं असतं. खाली एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो शोभेचा नाही, लावला तर चालतो. मुलगी बारा वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे आता तिचा स्वतःचा लेखी होकार लागतो. तिला प्रश्न पडले असतील तर त्यांची उत्तरं तिला मिळेपर्यंत थांबायचं, मग सुई. नको म्हणाली तर नको. कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे तुमच्या दवाखान्यातल्या उपचारांत काही कमी करता येत नाही. हिमोग्लोबिनसारख्या तपासण्यांचा रिपोर्टही मागून घ्या. या वयात तो उपयोगाचा असतो.

शिकायचं काय, तर तिचं ठरायला अजून वेळ आहे. त्या कामात नर्स आहेत, एमएसडब्ल्यू झालेल्या आहेत, आहारशास्त्र शिकलेल्या आहेत (कर्वे रोडच्या एसएनडीटीत ते शिकवतात), प्रयोगशाळेतल्या आहेत. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंना विचारा, एखाद्या सुट्टीत तिला ऑफिस आणि लॅब दाखवाल का. बहुतेक हो म्हणतील. आणि दहावीनंतर सायन्स घेतलंच, तर जीवशास्त्रासाठी गणित सोडायला लावणारे पुष्कळ भेटतील. तिला दोन्ही ठेवू द्या.